थायरॉईडमध्ये पाण्याची गाठ निघाली तर काय करायचं, पहिल्यापासून

माझी गाठ ठुशीने शोधून काढली. पुतणीच्या लग्नाला तयार होत होतो, ठुशी गळ्यालगत बसते ना, तर ती उजवीकडे जरा उचललेली दिसत होती, जाऊबाई म्हणाल्या अगं मागची दोरी नीट ओढ, दोरी नीटच होती, गळाच एका बाजूने फुगला होता. रात्री घरी येऊन आरशासमोर पाणी प्यायले तर घोटाबरोबर सुपारीएवढं काहीतरी वर गेलं आणि परत खाली आलं. झोपच उडाली. पुढचे दोन महिने मी सगळं केलं पण उलट्या क्रमाने केलं, नको त्या टेस्टवर पैसे घातले आणि हव्या त्या रिपोर्टमधली हवी ती ओळ वाचलीच नाही. आता ३ वर्षं झाली, ओळखीत कोणाला गळ्यात गाठ निघाली की फोन मलाच येतो, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी डॉक्टर नाही हं. निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर ते काय बोलतायत ते कळावं एवढ्यासाठी हे.

एक प्रश्न मात्र आत्ताच डोक्यात पक्का करून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं: गाठीत पाणी किती आणि घट्ट भाग किती? 'गाठ केवढी आहे' हे सगळे विचारतात, तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न.

पायरी १: गाठ थायरॉईडचीच आहे का ते बघा

थायरॉईड ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते, फुलपाखरासारखी, दोन पंख दोन बाजूंना आणि मधे छोटा पूल. वजन साधारण २० ग्रॅम. ती श्वासनलिकेला चिकटलेली असते म्हणून आवंढा गिळला की वर सरकते, आणि तिच्यातली गाठही तिच्याबरोबर सरकते. तर आरशासमोर उभे राहा, हनुवटी थोडी वर, तोंडात पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खालच्या भागाकडे बघा. गाठ वरखाली झाली तर ती बहुतेक थायरॉईडची. चरबीची गाठ अशी हलत नाही. लहान मुलात अगदी मधोमध गाठ असेल आणि जीभ बाहेर काढल्यावर वर जात असेल तर ते वेगळं प्रकरण असतं, जन्मापासून राहिलेल्या नळीची सिस्ट (सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली गाठ), तिचा इलाज वेगळा.

आमच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून 'गंडमाळ झालीय' म्हणत होत्या. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला माळेसारख्या सुजलेल्या गाठी, त्या बऱ्याचदा टीबीच्या असतात. थायरॉईड फुगते तो गलगंड. जुनी माणसं दोन्हीला एकच नाव देतात आणि मग उपायही एकाचे दुसऱ्याला सांगतात.

बाकी बऱ्याच जणांना गाठ हाताला लागलेलीच नसते, मानेचा एमआरआय किंवा डॉपलर भलत्याच कारणासाठी होतो आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते की थायरॉईडमध्ये नोड्यूल, म्हणजे गाठ, दिसतेय. हे फार कॉमन आहे. नुसत्या हाताने तपासलं तर शंभरात ४ ते ७ मोठ्या माणसांना गाठ लागते, पण सोनोग्राफीचं मशीन फिरवलं तर त्याच्या कितीतरी पट लोकांत काही ना काही दिसतं, बायकांत जास्त, आणि वय वाढेल तसं अजून जास्त. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त साध्या निघतात.

पायरी २: थांबायचं नाही अशी लक्षणं

हे पटकन सांगते पण यात ढिलाई नको. गाठ थोड्या आठवड्यांतच भराभर वाढतेय, आवाज बसलाय आणि दोन-तीन आठवडे झाले तरी सुटत नाहीये, घास अडकतोय, आडवं पडल्यावर दम लागतो, गाठ दगडासारखी कडक आहे आणि गिळताना हलत नाही, बाजूला अजून गाठी लागतायत, घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर होता किंवा लहानपणी तुमच्या मानेला-डोक्याला रेडिएशन दिलं होतं, यातलं एक जरी असेल तर पुढच्या पायऱ्या निवांत करायच्या नाहीत, याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणि एक वेगळीच गोष्ट, सिस्टवाल्यांना हमखास घाबरवणारी. काल काही नव्हतं आणि आज सकाळी अचानक लिंबाएवढी दुखरी गाठ, कधी कानापर्यंत कळ. हे बहुतेक वेळा सिस्टच्या आत रक्तस्राव झाल्यामुळे होतं, आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि सिस्ट भरून ताणली जाते. दिसायला भयंकर पण एका रात्रीत फुगलेली गाठ म्हणजे कॅन्सर असं समीकरण नाही, दुखणं काही दिवसांत उतरतं आणि सूज हळूहळू कमी होते. डॉक्टरांना दाखवायचं हे आहेच. पण श्वासाला त्रास होत असेल, श्वास घेताना घरघर येत असेल तर सरळ कॅज्युअल्टीत, अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

पायरी ३: आधी फक्त टीएसएच

माझी पहिली चूक इथे झाली. मी लॅबमध्ये जाऊन 'थायरॉईडचं सगळं करा' म्हटलं आणि लॅबवाल्याने अर्थातच सगळं केलं. गरज एकाच टेस्टची होती, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, रक्तात किती आहे ते. नॉर्मल साधारण ०.४ ते ४ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. टीएसएच बिघडलेला असेल तर मग टी३, टी४ आणि अँटिबॉडी वगैरे डॉक्टर सांगतील.

इथे एक गोंधळ कायमचा मिटवून घ्या. 'मला थायरॉईड आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपण हार्मोन कमी-जास्त असण्याबद्दल बोलत असतो. गाठ ही वेगळी गोष्ट आहे. माझा टीएसएच २.१ होता, एकदम छान, आणि गळ्यात ३ सेंटिमीटरची गाठ. म्हणजे टीएसएच नॉर्मल आला म्हणून सोनोग्राफी टाळायची नाही, आणि सोनोग्राफीत सिस्ट दिसली म्हणून थायरॉईडची गोळी सुरू करायची नाही. नॉर्मल टीएसएचवर गोळी देऊन गाठ बारीक करायची पद्धत पूर्वी होती, आता सहसा करत नाहीत, गाठ तशीच राहते आणि वरून धडधड, हाडं ठिसूळ होणं हे मागे लागू शकतं. मला एका ठिकाणी ती गोळी लिहून दिली होती. मी ती घेतली नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, आणि तेवढं एक मी बरोबर केलं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या निदान २ दिवस आधी बंद करा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो, आणि हे लॅबमध्ये कोणी विचारत नाही.

टीएसएच खूप कमी आला तर गाठ स्वतःच जादा हार्मोन बनवतेय का ते बघायला किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढतात. मुंबईत परळला टाटाच्या अनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं, थायरॉईडच्या न्यूक्लिअर तपासण्या आणि उपचारांसाठी आपल्याकडचं जुनं नाव. पण हा स्कॅन सरसकट सगळ्यांना लागत नाही. गरोदर बाईला तर करतच नाहीत, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी (सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून बघणं) मात्र गरोदरपणातही चालते.

पायरी ४: सोनोग्राफी, आणि तिचा रिपोर्ट वाचणं

इथे जरा वेळ काढा कारण सगळा खेळ इथे आहे. मानेची सोनोग्राफी म्हणजे उशी खांद्याखाली, मान मागे, गार जेल, दहा-पंधरा मिनिटं, दुखत काही नाही. उपाशी जायची गरज नाही. गळ्यातलं काढून ठेवा आणि पुढे बटणं असलेला ड्रेस घाला. शक्य असेल तर थायरॉईड नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे करा, दोनशे रुपये वाचवायला कुठेही नको, कारण गाठीत पाणी किती आणि घट्ट किती हे ठरवणं बघणाऱ्याच्या नजरेवर आहे.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं? मी पहिल्यांदा आकडा वाचला, ३.१ बाय २.४ बाय २.२ सेंटिमीटर, आणि रडायला लागले. वाचायचं होतं ते त्याच्या पुढे लिहिलं होतं.

पहिला शब्द बनावटीचा. पूर्ण सिस्टिक म्हणजे आत नुसतं पाणी. स्पॉन्जिफॉर्म म्हणजे स्पंजासारखी, बारीक बारीक पाण्याच्या कप्प्यांची, जाळीदार आंबोळीचा तुकडा आडवा कापला की दिसतो तसं. यातला कुठलाही शब्द आला तर गोड मानून घ्या, यात कॅन्सर असण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत आणि केवळ शंकेपोटी सुई टोचायची गरज नसते. मिक्स्ड म्हणजे पाणी आणि घट्ट भाग दोन्ही. आणि सॉलिड म्हणजे सगळी घट्ट. खरं सांगायचं तर नुसत्या पाण्याची सिस्ट कमी जणांना असते, ज्याला आपण सगळे पाण्याची गाठ म्हणतो ती बऱ्याचदा मिक्स्ड असते, मूळची साधी घट्ट गाठ आतून विरघळते किंवा तिच्यात रक्त साचतं आणि पोकळी तयार होते. माझी मिक्स्डच होती, बहुतेक सगळं पाणी आणि एका भिंतीला चिकटलेला घट्ट तुकडा. मिक्स्ड असली की मग त्या तुकड्याचं वर्णन वाचायचं, पाण्याचं नाही.

त्या वर्णनात नको असलेले शब्द असे: हायपोएकोइक म्हणजे काळपट दिसणारा, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त, आणि मायक्रोकॅल्सिफिकेशन किंवा पंक्टेट फोसाय म्हणजे चुन्याचे बारीक ठिपके. 'कॉमेट टेल' असं दिसलं तर घाबरू नका, नाव धूमकेतूच्या शेपटीचं असलं तरी शब्द चांगला आहे, कोलॉइड नावाचा थायरॉईडचा नेहमीचा चिकट द्रव आत असला की तसं चमकतं.

या सगळ्याला गुण देऊन शेवटी टाय-रॅड्सचा नंबर लिहितात, टीआर १ ते टीआर ५. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१७ मध्ये आणलेली पद्धत, आपल्याकडेही भरपूर वापरतात. शाळेच्या उलट, इथे गुण कमी तितकं चांगलं. टीआर १ आणि २ ला सुई लागत नाही. टीआर ३ असेल तर गाठ २.५ सेंटिमीटर किंवा मोठी असली तरच सुई, टीआर ४ ला १.५ पासून आणि टीआर ५ ला १ सेंटिमीटरपासून. बघा, आकार इथे कुठे आला? आधी बनावट आणि मग आकार. म्हणूनच १ सेंटिमीटरची टीआर ५ ही माझ्या ३ सेंटिमीटरवाल्या टीआर २ पेक्षा कितीतरी जास्त लक्ष देण्यासारखी. रिपोर्टवर नंबर लिहिलाच नसेल तर तिथेच उभं राहून विचारा, संकोच नको, पैसे तुम्ही दिलेत.

मानेच्या बाजूच्या गाठींबद्दल, म्हणजे लिम्फ नोड्सबद्दल एक ओळ आहे का तेही बघा. नसेल तर तीही मागून घ्या.

पायरी ५: सुई

सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा जाड नसते, बऱ्याचदा बारीकच. सोनोग्राफीत बघत बघत केलेलीच करून घ्या, मिक्स्ड गाठीत तर यावर तडजोड नकोच, कारण आंधळेपणाने टोचली तर सुई पाण्यात जाते, पाणी येतं, आणि पेशी ज्या तुकड्यात बघायच्या तो तुकडा तसाच राहतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. टोचताना गिळायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच पाळायचं. नंतर दोन दिवस तिथे थोडं काळं-निळं.

माझ्या पहिल्या वेळी सुई नेमकी पाण्यातच गेली. ८ मिली पाणी निघालं, चॉकलेटी रंगाचं, बघून मला वाटलं संपलं सगळं. चॉकलेटी म्हणजे आत जुनं रक्त, बस. पिवळसरही असतं. एकदम पाण्यासारखं बिनरंगी आलं तर ती थायरॉईडची नसून शेजारच्या पॅराथायरॉईड नावाच्या छोट्या ग्रंथीची सिस्ट असू शकते, मग त्या पाण्यातच पीटीएच, म्हणजे त्या ग्रंथीचं हार्मोन, तपासतात. रंगावरून कॅन्सर आहे-नाही ठरत नाही.

रिपोर्ट आला बेथेस्डा १ (सुईच्या रिपोर्टला १ ते ६ नंबर देतात, त्या पद्धतीचं हे नाव). मी मनात म्हटलं वा, १ म्हणजे सगळ्यात चांगला! टाय-रॅड्सची सवय. बेथेस्डात मात्र १ म्हणजे 'काही सांगता येत नाही, पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत', आणि सिस्टवाल्यांना हा वारंवार येतो कारण नळीत नुसतं पाणी गेलेलं असतं. चांगला तो २, म्हणजे साधी गाठ. ३ आणि ४ मधले, तिथे परत सुई किंवा पुढची चाचणी किंवा ऑपरेशन असं डॉक्टर बोलून ठरवतात. ५ म्हणजे दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सर. मला दुसऱ्यांदा जावं लागलं, त्या वेळी मुद्दाम घट्ट तुकड्यातून घेतलं आणि २ आला. तुमचा १ आला तर पेढे वाटू नका आणि रडूही नका, परत कधी करायची ते विचारा.

पायरी ६: मग करायचं काय

बहुतेकांना, काही नाही. ऐकायला विचित्र वाटतं पण लहान, त्रास न देणारी, टीआर १-२ किंवा बेथेस्डा २ ची सिस्ट असेल तर तिला सोडून देणं हाच उपचार आहे. पुढची सोनोग्राफी कधी ते टाय-रॅड्सवर ठरतं, संशय कमी असेल तर दीड-दोन वर्षांनीही चालते, जास्त असेल तर वर्षात. दर तीन महिन्यांनी मोजत बसू नका, दोन मिलिमीटरचा फरक तर मोजणाऱ्याच्या हाताचाही असतो. वाढली असं कधी म्हणतात? निदान दोन बाजूंनी २० टक्के वाढली तर, किंवा एकूण घनफळ ५० टक्क्यांनी वाढलं तर. घनफळ घरी काढता येतं, तिन्ही मापांचा गुणाकार गुणिले ०.५२. माझं आलं साडेआठ मिली, आणि सुईतून निघालं ८ मिली, त्यामुळे घट्ट तुकडा केवढासा असेल ते मला घरीच कळलं.

त्रास असेल, म्हणजे गिळताना टोचतं, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं, किंवा सरळ दिसायला नको वाटतं (हेही कारण आहे, लाजू नका), तर पाणी काढणं ही पहिली गोष्ट. पाच मिनिटांत गळा सपाट. पण मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते: १०० पैकी ६० ते ९० जणांत ते पाणी परत भरतं. माझं चार महिन्यांत भरलं. डॉक्टरांची चूक नाही ती, सिस्टची आतली भिंत पाणी बनवत राहते. म्हणून परत भरणाऱ्या साध्या सिस्टमध्ये पाणी काढून आत शुद्ध अल्कोहोल सोडतात, त्याने ती भिंत जळते आणि पोकळी हळूहळू मिटते. एक-दोन वेळा करावं लागतं. मला मिनिटभर जबड्याकडे जाणारी सणसणीत आग झाली, मग काही नाही, गाठ आकसायला पाचेक महिने लागले. क्वचित काही दिवस आवाज घोगरा होऊ शकतो. ही पद्धत करणारे सगळीकडे नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुईने उपचार करणारे) किंवा काही एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) करतात, तेव्हा ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी 'अल्कोहोलने होईल का' एवढं विचाराच. घट्ट भाग जास्त असेल तर आरएफए, म्हणजे सुईतून उष्णता देऊन जाळणं, तो पर्याय मोठ्या शहरांत आहे, खर्चिक आहे.

ऑपरेशन कधी? संशयाचा रिपोर्ट, श्वासनलिका दाबली जातेय, गाठ छातीत उतरलीय, किंवा बाकी सगळं करूनही परत परत भरतेय. साध्या गाठीत शक्यतो अर्धीच ग्रंथी काढतात. सर्जनला तीन गोष्टी विचारा: अर्धी की पूर्ण आणि का, आवाजाच्या नसेला धोका किती, आणि तुम्ही वर्षाला अशी किती करता. अर्धी काढल्यावरही साधारण पाचातल्या एकाला पुढे थायरॉईडची गोळी लागते, पूर्ण काढली तर सगळ्यांना जन्मभर, आणि कॅल्शियम खाली जाण्याची भानगड पूर्ण काढल्यावरची.

खाण्यापिण्याचं

यावर सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. तयार झालेली सिस्ट कुठल्याही पथ्याने विरघळत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीसारखे खा. आयोडीनचं मीठ वापरा, आणि घरात 'हेल्दी' म्हणून नुसतं सैंधव सुरू केलं असेल तर ते बंद करा किंवा निदान मिसळून वापरा, सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. ही गंमत नाही, १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनचं मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, त्यानंतर देशभर कार्यक्रम आला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. मिठाची बरणी झाकणाची ठेवा, शेगडीजवळ नको. पण उलटं टोकही नको, आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल असलं ऑनलाइन मागवून घेऊ नका, जास्त आयोडीननेही थायरॉईड बिघडते.

कांचनार गुग्गुळ बरेच जण घेतात. घ्यायचं तर वैद्यांना सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून घ्या आणि त्या नादात पुढची तपासणी टाळू नका. आणि गाठीला चोळणं, तेल लावून दाबणं, शेकणं, हे तर कोणाचंच ऐकू नका.

फाईल

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा. सगळे रिपोर्ट तारखेने लावा, सोनोग्राफीच्या नुसत्या कागदासोबत फिल्म किंवा सीडीही मागून घ्या, एफएनएसीच्या काचपट्ट्या लॅबकडे असतात, दुसरं मत घ्यायचं असेल तर त्या मागता येतात. पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात चार रकाने: तारीख, तिन्ही मापं, टीआर नंबर, टीएसएच. पुढची सोनोग्राफी त्याच सेंटरला, जमलं तर त्याच डॉक्टरकडे, आणि जाताना आधीची फिल्म बरोबर. माझ्या रकान्यात शेवटची नोंद १.१ बाय ०.८ बाय ०.७ आहे, टीआर २, आणि पुढची तारीख दोन वर्षांनंतरची.